मंजुळाचा ‘न’, भक्तीचा ‘ण’

आमच्या घरात एक कॅसेट आहे. साठ मिनिटांची, पांढरी, कडेच्या चिठ्ठीवर बाबांच्या किरट्या अक्षरात ‘फुलराणी, टीव्हीवरून’ एवढंच लिहिलेली. टीव्हीवरचं काही टेप करायचं तर त्या काळी एकच पद्धत होती. टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर टू-इन-वन, प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणं एकदम दाबायची आणि घरातल्या सगळ्यांनी तोंडं मिटून बसायचं. आम्ही बसलो होतो. शेजारच्या खोलीतल्या कुकरला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे या कॅसेटवर भक्ती बर्वे ‘ती फुलराणी’ नाटकातल्या मंजुळा साळुंकेच्या तोंडाने प्रोफेसर जहागीरदारांचा उद्धार करत असतात आणि ऐन रंगात मागून एक, दोन, तीन शिट्ट्या होतात. तिसरीनंतर आईचा दबका आवाज येतो, ‘अगं, बंद करा की कुनीतरी!’

ही फीत मी इतक्या वेळा ऐकली आहे की मंजुळाच्या या स्वगताचं स्वच्छ चित्रण आता कधी समोर आलं तर शिट्ट्यांच्या जागी मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मी पुढे अकरा वर्षं रेडिओवर नैमित्तिक उद्घोषक होते. आता निवेदन आणि डबिंग शिकायला येणाऱ्या मुलामुलींना उच्चार शिकवते. पहिल्या दिवशी त्यांना ही कॅसेट ऐकवते. हल्ली तिची प्रत मोबाइलवर आहे, पण शिट्ट्या तशाच ठेवल्या आहेत. मुलं हसतात आणि मग गप्प होतात. विशी-बाविशीतली ही मुलं. त्यांच्यातल्या बहुतेकांचा जन्म भक्ती बर्वे गेल्यानंतरचा.

‘फुलराणी’ म्हटलं की भक्ती बर्वे आणि भक्ती बर्वे म्हटलं की ‘फुलराणी’, असं समीकरण आपण करून टाकलं आहे आणि तिथेच थांबलो आहोत. माझ्या मते त्यांना समजून घ्यायचं तर आधी त्यांच्यातली उद्घोषिका ऐकावी लागते. जिला नीट बोलता येत नाही अशा मुलीची भूमिका करायला प्रत्येक अक्षराचं घर कुठे आहे, त्याचं दार कुठल्या बाजूला उघडतं, हे ठाऊक असलेलं माणूस लागतं. पु. ल. देशपांड्यांच्या या नाटकाला तसं माणूस मिळालं.

त्यांचा जन्म सांगलीचा, १० सप्टेंबर १९४८ चा. सांगली म्हणजे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीता स्वयंवर’ उभं केलं ते गाव. तिथे जन्मलेल्या प्रत्येकाला नाटक येतं असा सांगलीकरांचा दावा असतो, तो आपण सोडून देऊ. भक्ती बर्वे यांना नाटक आलं ते मुंबईत, सुधा करमरकरांच्या बालरंगभूमीवर. करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधली हौस नव्हे, तिथेही नेपथ्य, प्रकाश, नृत्य, शिस्त सगळं मोठ्यांच्या नाटकाइतकंच चोख हवं, असा आग्रह धरला. या शाळेत घडलेल्या नटांच्या आवाजात एक गोष्ट हमखास सापडते. मोठा प्रेक्षक कंटाळला तर शिष्टाचार म्हणून खोकतो. लहान मूल सरळ उठून उभं राहतं आणि ‘घरी कधी जायचं’ म्हणून विचारतं. अशा प्रेक्षकासमोर शब्द खाऊन चालत नाही. प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेतल्या पाच वर्षांच्या मुलाच्या हातात अलगद नेऊन ठेवावा लागतो.

नंतर आकाशवाणी, आणि २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर तिथे निवेदन आणि बातम्या. वरळीच्या त्या केंद्रावरून संध्याकाळचे काही तास कृष्णधवल चित्रं येत. चाळीत एखाद्याच घरी टीव्ही असे आणि त्या घराच्या दारात चपलांचा ढीग. स्मिता पाटीलही त्याच सुमारास तिथे बातम्या वाचत. आजच्या निवेदकांचा वेग कानावर पडला की मला त्या बातम्या आठवतात. त्यांत वाक्याला शेवट असायचा. पूर्णविराम ऐकू यायचा.

उद्घोषकाचं काम बाहेरून सोपं दिसतं. कागद असतो, माइक असतो, वाचायचं. पण स्टुडिओतला कागद हा पहिला शत्रू. पानं टाचणीने जोडायची नाहीत, कारण पान उलटलं की माइकला ते वाळलेल्या पाचोळ्यातून कुणी चालल्यासारखं ऐकू जातं. वाचून झालेलं पान उचलून, हवेत न फडकवता, डावीकडे सरकवायचं. ओळ पुढच्या पानावर तुटत असेल तर शेवटचे दोन शब्द आधीच डोळ्यांनी उचलून ठेवायचे. लाल दिवा लागायच्या आधी श्वास भरायचा, लागल्यावर नाही. पाणी प्यायचं तर कोमट. तोंड माइकच्या अगदी समोर न आणता किंचित तिरकं ठेवायचं, म्हणजे प आणि फ फुटत नाहीत. आणि एवढं सगळं करून आवाजात यातलं काहीच जाणवू द्यायचं नाही.

त्यातही ‘आकाशवाणी’ या शब्दाने भल्याभल्यांची परीक्षा घेतली आहे. शेवटचा तो ण. जीभ मागे वळून टाळूला टेकवायची आणि सोडायची. आळस केला की ती दातांमागेच थांबते आणि ‘आकाशवानी’ होते. दिवसातून वीस वेळा म्हणायचा शब्द, आणि वीसही वेळा जीभ वळली पाहिजे. भक्ती बर्वे यांनी हा ण किती हजार वेळा उच्चारला असेल याचा मी कधीकधी विचार करते. कारण हाच ण त्यांना पुढे रंगमंचावर मोडून दाखवायचा होता.

माझा ण मोडकाच होता. आई जुन्नरकडची. आमच्याकडे तांब्यात ‘पानी’ असायचं, पोळीवर ‘लोनी’ असायचं. बाबा शाळेत कारकून. ते आमचे उच्चार सुधारायचे, आईचे कधीच नाही. ते काम मी अंगावर घेतलं. चौथीत बाईंनी शुद्धलेखनावर एक तास घेतला, त्या संध्याकाळी आईने पाणी मागितलं तर मी तांब्या हातात धरून उभी राहिले आणि म्हणाले, ‘पानी नाही, पाणी म्हण, मग देते.’ आईने तांब्या घेतला नाही. स्वतः उठून माठातून घेतलं. पन्नास वर्षं होऊन गेली, अजून तो तांब्या माझ्या हातातच आहे.

तर अशा घरातली आम्ही चार माणसं १९७५ मध्ये शिवाजी मंदिरला ‘ती फुलराणी’ पाहायला गेलो. नाटक त्या वर्षीच्या जानेवारीत इंडियन नॅशनल थिएटरने आणलं होतं. लेखन आणि दिग्दर्शन पु. लं.चं. बाबांनी सकाळी रांगेत उभं राहून बाल्कनीची तिकिटं काढली होती. प्लॅनच्या कागदावर निळ्या पेन्सिलीने फुल्या मारणारा बुकिंगवाला, तिसरी घंटा, अंधार होता होता शेवटचा घास गिळणारे वडाखाऊ, हे सगळं तुम्हालाही आठवत असेल. मी बारा वर्षांची होते. नाटक इंग्रजीवरून घेतलंय एवढंच बाबांनी सांगितलं होतं.

मूळ नाटक शॉचं ‘पिग्मॅलिअन’, आणि त्याची एक गंमत आहे. इंग्रजी उच्चारांवर बेतलेलं हे नाटक रंगमंचावर पहिल्यांदा आलं ते १९१३ साली व्हिएन्नात, आणि तेही जर्मनमध्ये. लंडनला ते पुढच्या वर्षी आलं. म्हणजे भाषांतरात मरायला हवं असं हे नाटक जन्मलंच भाषांतरात. १९५६ मध्ये ब्रॉडवेवर त्याची संगीतिका झाली, ‘माय फेअर लेडी’, आणि १९६४ मध्ये चित्रपट. चित्रपटात ऑड्री हेपबर्नच्या तोंडची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात आहेत. आवाज बदलून मुलगी बदलण्याची गोष्ट, आणि नायिकेलाच आवाज उसना. मुंबईत इंडियन नॅशनल थिएटरनेच गुजरातीतही हे नाटक केलं. मधु राय यांचं रूपांतर, ‘संतू रंगीली’, आणि संतू झाल्या होत्या सरिता जोशी. ज्यांनी दोन्ही पाहिली ते सरिता जोशी की भक्ती बर्वे यावर अजून भांडू शकतात. मी एकच पाहिलं, त्यामुळे मला भांडणात भाग घेता येत नाही.

मराठीत आणताना पु. लं.समोर शॉसमोर नव्हती अशी अडचण होती. लंडनमध्ये उच्चारावरून माणसाचा वर्ग कळतो. आपल्याकडे उच्चारावरून जिल्हा कळतो, गाव कळतं, आणि लोकांना ज्याची खरी उत्सुकता असते ती जातही कळते. निदान कळली असं ऐकणाऱ्याला वाटतं. त्यामुळे ‘अशुद्ध’ मुलीला ‘शुद्ध’ करण्याची गोष्ट मराठीत सांगणं म्हणजे विस्तवावरून चालणं. पु. लं.नी प्रोफेसरलाही हास्यास्पद करून तोल सांभाळला, हे खरं. पण संहिता कितीही सांभाळून लिहिली तरी थिएटरात हशा कुठे पिकायचा हे प्रेक्षक ठरवतो. त्या रात्री हशा पिकला तो मंजुळाच्या पहिल्या वाक्यांवर. तिच्या ‘न’वर. आमच्या पुढच्या रांगेतलं एक कुटुंब तर खुर्च्यांवर हात मारून हसत होतं. मीही हसले. हसता हसता बाजूला पाहिलं. आई हसत नव्हती.

भक्ती बर्वे यांची खरी करामत इथे सुरू होते. मंजुळाला त्यांनी कधी चिडवलं नाही. हे फार थोड्या नटांना जमतं. शहरी नट ग्रामीण किंवा कष्टकरी बाई रंगवायला निघाला की बहुधा आवाज जाड करतो, ‘व’ आणि ‘ह्यो’ची फोडणी देतो आणि टाळ्या घेतो. तो बोलीच्या वर उभा राहून बोली बोलतो. भक्ती बर्वे आत उभ्या होत्या. मंजुळाचा न हा त्यांच्याकडे चुकलेला ण नव्हता, तो पूर्ण वजनाचा न होता. फुलं विकणाऱ्या मुलीला रहदारीच्या वर आवाज काढावा लागतो, म्हणून शब्दाचा शेवट ताणलेला. गिऱ्हाईक निघून जायच्या आत बोलून व्हायला हवं, म्हणून वाक्यं तोकडी. श्वास पोटातून. हे मला त्या रात्री कळलं नव्हतं, कॅसेट शेकडो वेळा ऐकल्यावर कळलं.

त्या स्वगताकडे येऊ. शॉच्या नाटकात ते नाही. त्याचं मूळ मला संगीतिकेतल्या गाण्यात दिसतं, पण मराठीत ते गाणं राहिलं नाही, नाटकातलं नाटक झालं. प्रोफेसर दिवसभर छळून निघून गेलाय आणि एकटी पडलेली मुलगी त्याचा सूड कसा घ्यायचा याची स्वप्नं रंगवते आहे. शब्द इथे देत नाही, ते तुम्हाला पाठ असतील. मी फक्त काय ऐकू येतं ते सांगते. सुरुवातीला हुंदका आहे, पण हुंदक्यातही एकही व्यंजन विरघळत नाही. रडताना बोलणारी नटी साधारणपणे स्वर ओले करते आणि शब्द हरवते. इथे स्वर ओले आहेत आणि व्यंजनं कोरडी. मग राग चढतो. राग चढला की माणूस घाईत बोलतो, पण या घाईला ठेका आहे, जात्यासारखा. प्रत्येक फेरीला थोडा वेग वाढतो आणि श्वास मात्र कुठे घेतला ते सापडत नाही. मी वर्गात मुलांना पेन्सिल देते आणि सांगते, श्वास घेतला तिथे खूण करा. वीस मुलांच्या वीस कागदांवर खुणा वेगवेगळ्या ठिकाणी असतात. नंतर स्वप्न सुरू होतं आणि आवाज एकदम उजळतो, दहा वर्षांच्या पोरीचा होतो. बालरंगभूमी तिथे परत येते. आणि सगळं संपवताना पुन्हा तीच कडक फुलवाली.

त्या बाल्कनीत, टाळ्या सुरू व्हायच्या आधी, आई टाळ्या वाजवत होती. एकटी. मग सगळं शिवाजी मंदिर.

नाटकाच्या उत्तरार्धाबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं आणि मला तो जास्त अवघड वाटतो. अर्धवट शिकलेलं बोलणं हे अभिनयातलं सगळ्यात कठीण काम. ‘न’ पुसला गेलेला असतो आणि ‘ण’ अजून अंगाला बसलेला नसतो. तो ण भक्ती बर्वे किंचित जास्त जोरात लावायच्या, नव्या चपला घालून चालणाऱ्या माणसासारखा. आणि शेवटी मंजुळाचं मराठी जेव्हा निर्दोष होतं, तेव्हा ते थोडं थंडही होतं. आकाशवाणीवरचा तोच स्वच्छ आवाज. ज्या बाईने तो आवाज रोज वापरून पोट भरलं तिनेच दाखवून दिलं की या आवाजात भाजीवालीशी घासाघीस करता येणार नाही. जिंकलेला प्रोफेसर आणि कुठलीच न राहिलेली मुलगी. समोर सतीश दुभाषी होते. हुशार, तिरसट आणि आपल्या तिरसटपणावर खूश असलेला असा प्रोफेसर मी नंतर पाहिला नाही. दुभाषी १९८० मध्ये अकाली गेले.

मंजुळा पुढे प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा गुणी नट्यांनी केली. मी त्यांतल्या दोघींची पाहिली. दोघी चांगल्या होत्या. पण स्वगत सुरू झालं की शेजारची बाई ओठ हलवून भक्ती बर्वे यांच्या लयीत पुटपुटत असायची, आणि रंगमंचावरच्या बिचारीला त्या पुटपुटण्याशीही सामना करावा लागायचा.

नाटकातली ‘फुलराणी’ ही बालकवींच्या कवितेतून आलेली. त्या शब्दातही ण आहे. मंजुळाच्या तोंडी सुरुवातीला तो टिकला नसता. आणि दूरदर्शनवर भक्ती बर्वे यांनी साकारलेल्या बहिणाबाई चौधरी, त्यांच्या तर नावातच ण. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, १८८० मधल्या. लिहिता-वाचता न येणारी ही कवयित्री गेली १९५१ मध्ये. मुलगा सोपानदेवांनी जपलेल्या कविता आचार्य अत्र्यांच्या हातात पडल्या आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला, तेव्हा महाराष्ट्राला पत्ता लागला. बहिणाबाईंच्या लेवा बोलीत ण चा न होतोच, वर ळ चा य होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. मंजुळाची बोली आणि बहिणाबाईंची बोली यांत जमीन-अस्मानाचा फरक. एक धंद्याची, रस्त्यावर धावणारी. दुसरी शेतातली, जात्यावर बसून स्वतःशी चाललेली. भक्ती बर्वे यांना ‘ग्रामीण’ नावाची एकच सरसकट भाषा ठाऊक नव्हती, ही गोष्ट मी मुलांना पुनःपुन्हा सांगते. टीव्ही मालिकांतल्या गावांत आज सगळे जिल्हे एकच बोली बोलतात. तिचा जिल्हा कोणता ते कुणी सांगू शकणार नाही.

सिनेमाने त्यांचं फारसं काही केलं नाही. करता आलं असतं, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचा पुरावा म्हणून एकच चित्रपट पुरतो. कुंदन शहांचा ‘जाने भी दो यारो’, १९८३. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी हे दोन भाबडे फोटोग्राफर, आणि त्यांना बिल्डरांच्या भानगडींचे फोटो काढायला लावणारी ‘खबरदार’ची संपादिका शोभा सेन, म्हणजे भक्ती बर्वे. आजूबाजूला पंकज कपूर, ओम पुरी, सतीश शाह असे एकाहून एक सोंगं घेतलेले लोक. सगळे मोठ्याने बोलताहेत, धावताहेत, पडताहेत. त्यांत शोभा शांत. ती मध लावल्यासारखं बोलते. नसीरुद्दीनचा फोटोग्राफर विनोद तिच्यावर भाळतो आणि आपणही भाळतो, कारण तो बातम्या देणारा विश्वासू आवाज आहे. या आवाजाने कधी खोटं सांगितलेलं नाही. मग कळतं की ही बाई भ्रष्टाचार उघड करायला निघालेली नाही, ती पैसे उकळायला निघाली आहे. मला तर वाटतं, मुंबईच्या प्रेक्षकाला तो धक्का जास्त बसला असेल. दहा वर्षं ज्या आवाजावर घड्याळ लावलं तोच आवाज फिरला. पुढे १९९८ मध्ये गोविंद निहलानींच्या ‘हजार चौरासी की माँ’मध्ये त्या दिसल्या. दोन-चार नावं आणखी काढता येतील, पण यादी लांबत नाही.

त्यांचं घर रंगमंचच राहिलं. अशोक पाटोळ्यांचं ‘आई रिटायर होतेय’ हे नाटक माझ्या आईने भिशीच्या बायकांबरोबर पाहिलं. जन्मभर घरासाठी राबणारी आई एके दिवशी आपण निवृत्त होत असल्याचं जाहीर करते, एवढीच कल्पना. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आई उठली, पदर खोचला, आणि स्वयंपाकघरात न जाता गॅलरीत जाऊन बसली. बाबांनी चहा केला. साखर दोनदा पडली होती. हा प्रयोग एकच दिवस चालला, पण त्या महिन्यात आमच्या चाळीत असे प्रयोग बऱ्याच घरी झाल्याचं ऐकलं. नाटकाचा परिणाम मोजायचं याहून चांगलं माप मला माहीत नाही.

अजित दळवींच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’मध्ये त्या कस्तुरबा होत्या. दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णींचं, अतुल कुलकर्णी गांधी. नवरा आणि मुलगा हरिलाल यांच्या भांडणात मधे भरडली जाणारी बाई. मंजुळात जो आवाज कारंज्यासारखा उडायचा तो इथे जमिनीखाली गेला होता. नाटकभर त्या फारसा आवाज चढवत नाहीत. वय त्यांचं तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. मी हे नाटक दोनदा पाहिलं आणि दुसऱ्यांदा डोळे मिटून. डोळे मिटल्यावर म्हातारी बाई दिसत होती.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९० साली मिळाला. नवरा शफी इनामदार, ‘ये जो है जिंदगी’मुळे घरोघरी पोचलेला नट. १३ मार्च १९९६ ला भारत-श्रीलंका विश्वचषकाचा उपांत्य सामना पाहता पाहता हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. इडन गार्डन्सवर प्रेक्षकांनी पेटवापेटवी केली तो सामना. त्या संध्याकाळी अख्खा देश टीव्हीसमोर होता.

जून २००० मध्ये पु. ल. गेले. भक्ती बर्वे ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ नावाचा एकटीचा कार्यक्रम करत. सोबतीला कुणी नाही, त्या आणि आवाज. मला तो पाहता आला नाही. आमच्या उपनगरात लागेल तेव्हा जाऊ, असं म्हणत राहिले. मराठी माणसाचं नाटकाच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. प्रयोग आहेच की, पुढच्या रविवारी जाऊ.

१२ फेब्रुवारी २००१ ला वाईहून मुंबईकडे येताना, नव्या द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ, त्यांच्या गाडीला अपघात झाला. त्या बावन्न वर्षांच्या होत्या. नाटकवाल्यांचं आयुष्य असंच रात्रीच्या रस्त्यांवर जातं. प्रयोग संपायचा, मेकअप उतरवायचा, सामान भरायचं आणि दुसऱ्या गावच्या प्रयोगाला वेळेवर पोचायचं. बातमी आली तेव्हा मी आईकडे होते. आईने ती ऐकली, टीव्ही बंद केला आणि म्हणाली, ‘चांगली बोलायची.’ ‘बोलायची’त ण नाही, तरीही त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की आईलाही बोलण्याचा कान होता. फक्त तिला त्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही. मी तर नाहीच.

उद्घोषकाच्या पहिल्या चाचणीत मी नापास झाले होते. परीक्षकांपैकी एकाने हसून विचारलं, ‘घरी कोण बोलतं असं?’ मी उत्तर दिलं नाही. वर्षभर आरशासमोर जीभ वळवत बसले आणि दुसऱ्यांदा पास झाले. आता माझ्या वर्गात सोलापूरचा मुलगा येतो, चंदगडची मुलगी येते, विक्रमगडहून एकजण येतो. त्यांना मी ण शिकवते, तो कामाला लागतो म्हणून. आणि सांगते की आधीचा न टाकू नका, तो नोकरीला लागत नसला तरी उद्या भूमिकेला लागेल. हे मला भक्ती बर्वे यांनी शिकवलं. त्यांची माझी ओळख नव्हती. एकदा स्टुडिओच्या जिन्यात त्या उतरत होत्या आणि मी चढत होते. मी बाजूला झाले, त्यांनी मान डोलावली. एवढंच.

रंगमंचावरचा आवाज तिथल्या तिथे विरतो. भक्ती बर्वे यांचा थोडा पडद्यावर राहिला, थोडा दूरदर्शनच्या फितींवर. पण त्या काळात घराघरांत माझ्या बाबांसारखी माणसं होती. रेडिओवरची नाटकं, श्रुतिका, दूरदर्शनवरचे प्रयोग टेप करून त्यांनी कडेला चिठ्ठी लावून ठेवले. ती माणसं आता नाहीत, आणि कपाटं रिकामी करताना पहिल्यांदा भंगारात जातात त्या या कॅसेटी. तुमच्या माळ्यावर अशी एखादी असेल तर टाकू नका. चिकटलेली फीत उलगडून, आवाज उतरवून देणारी माणसं अजून मिळतात. फीत लावायच्या आधी एकदा हाताने हळूच फिरवून घ्या. आणि मागे कुकर वाजत असेल, कुणी बोलत असेल, तर तेवढं कापून टाकायला सांगू नका.